दुसऱ्या मजल्यावरून जाणारं रॉकेट

कुमुदताई दिघ्यांनी सोडलेलं पाण्याचं रॉकेट सकाळी अंगणातून निघालं आणि पहिल्या मजल्यावर पोचायला त्याला दुपार झाली.

रॉकेटची कृती त्यांनी पेपरच्या रविवारच्या पुरवणीत वाचली होती. शीतपेयाची मोठी रिकामी बाटली, पुठ्ठ्याचे पंख, तोंडाला घट्ट बूच आणि बुचातून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह. थोडं पाणी घालून त्यांनी बाटली उलटी उभी केली, पंपाने हवा भरली आणि बाटली अडवून धरणारी खुंटी ओढली. खालून दोऱ्याएवढी धार सुरू झाली आणि रॉकेट सावकाश उठलं.

सोसायटीचे सेक्रेटरी घोरपडे भाजी घेऊन येत होते. ते थांबून बघत राहिले.

"वेग कमी आहे ते चांगलं," ते म्हणाले. "पण वर खिडक्यांच्या काचा आहेत. ज्याचं रॉकेट त्याने सोबत राहायला हवं."

"म्हणजे प्रत्येक मजल्यावर?"

"प्रत्येक गॅलरीत. मी सगळीकडे सांगून ठेवतो."

पहिल्या मजल्यावर मुजावरवहिनींनी कुमुदताईंना गॅलरीत खुर्ची दिली, जेवायला वाढलं. रॉकेट कठड्याशी आलं तेव्हा दोरीवरची चादर काढून त्याला वाट करून दिली. ते पुढे गेल्यावरही कुमुदताई बराच वेळ तिथेच बसून राहिल्या. दुसऱ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर त्यांची धाकटी बहीण नलिनी राहत होती आणि आई गेल्यापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

शेवटी त्या वर गेल्या. नलिनीने दार उघडलं.

"रॉकेटसाठी आले आहे," कुमुदताई म्हणाल्या.

"घोरपड्यांनी कळवलंय. या."

सख्ख्या बहिणीला 'या' म्हणाली. कुमुदताई गॅलरीत जाऊन बसल्या. नलिनीही दुसरी खुर्ची घेऊन बसली. दोघी कठड्याकडे बघत राहिल्या. उन्हं कलल्यावर रॉकेटचं टोक दिसलं, मग हळूहळू बाटली आणि मग पंख.

"पंख सुटतोय," नलिनी म्हणाली.

खरंच सुटत होता. चिकटपट्टी ओली होऊन लोंबत होती. नलिनी आत जाऊन सुईदोरा घेऊन आली आणि कठड्यावरून बाहेर वाकली. कुमुदताईंनी पटकन उठून तिच्या कमरेला विळखा घातला.

"पडशील!"

"घट्ट धर मग."

सुई पट्टीतून पुठ्ठ्यात आणि पुठ्ठ्यातून पट्टीत जात होती. रॉकेट वर सरकत होतं, तसा नलिनीचा हातही वर सरकत होता.

"आईसारखा टाका घालतेस," कुमुदताई म्हणाल्या. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "तिचं शिवणाचं मशीन तू का देऊन टाकलंस?"

नलिनीने टाका पुरा केला.

"तिनेच द्यायला सांगितलं. हात थरथरायचे, सुईत दोरा जायचा नाही. मशीन समोर दिसलं की रडायची. कुमुदला सांगू नकोस म्हणाली, तिला वाटेल मी हरले."

"मला वाटलं, तुला अडगळ झाली."

"मशीनची की आईची?"

"दोन्हीची," कुमुदताई म्हणाल्या. त्यांचे हात अजून नलिनीच्या कमरेभोवतीच होते. "नलू, चुकलं माझं."

नलिनीने दाताने दोरा तोडला. पंख ताठ झाला आणि रॉकेट तिच्या बोटांतून सुटून वर गेलं. दोघी तशाच उभ्या राहिल्या.

अंधारून आलं तेव्हा घोरपड्यांनी खालून हाक मारली, "ताई, काचा संपल्या! आता तुम्ही मोकळ्या."

कुमुदताई दारापाशी जाऊन चपला घालू लागल्या.

"अक्का, ते खाली येताना याच बाजूने येणार ना?"

"सरळ सोडलंय. याच बाजूने येईल."

"म्हणजे तेव्हाही तुला इथे थांबावं लागेल."

"लागेल. नियमच आहे तसा."

"कधी येईल?"

"कुठवर जातंय त्यावर आहे."

नलिनीने आत जाऊन कुकरसाठी आणखी एक वाटी तांदूळ काढले. कुमुदताईंनी चपला पुन्हा काढल्या आणि तांदूळ धुवायला घेतले. बाहेर रॉकेट नारळाच्या शेंड्यापाशी पोचलं होतं आणि त्यात अजून बरंच पाणी होतं.