दौलतजींचे मानकरी

दौलतजी माणसांना ‘अबे’ म्हणत आणि जनावरांना ‘या जी, बसा जी’. हा नियम त्यांनी कोणा मोठ्या माणसासाठी मोडलेला मी पाहिला नाही. एकदा नायब तहसीलदार त्यांच्या फाटकाशी येऊन उभे राहिले, तर त्यांना ऐकावं लागलं, “अबे, सरक ना बाजूले. बाईसाहेब येऊन राह्यल्या, दिसत नाई का?” बाईसाहेब म्हणजे एक आंधळी म्हैस. ती पुरती आत जाईपर्यंत नायब तहसीलदार टोपी हातात घेऊन उभे होते. टोपी घाम पुसायला काढली होती, असं ते नंतर लोकांना सांगत.

ही पुलगावची गोष्ट, स्वराज्य येऊन थोडी वर्षं झाली होती तेव्हाची. माझे वडील गिरणीच्या ऑफिसात कारकून होते. आमचं घर रुळांच्या अलीकडे, आणि दौलतजींची कोठी पलीकडे. कोठी म्हणजे कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनाची सरकी साठवायची जुनी खोली. मालक गाव सोडून गेला होता आणि जाताना दौलतजींना ‘रहा’ म्हणाला होता. दौलतजी राहिले आणि मागून एकेक जनावर येत गेलं.

ते आर्वीच्या छोट्या गाडीवर गार्ड होते. नोकरी संपली, पण गार्डपण संपलं नाही. पुलगावच्या उन्हाळ्यात, पक्षीसुद्धा सावली सोडत नाहीत अशा वेळी, हा माणूस काळा कोट घालून कडबा टाकत असे. गळ्यात शिट्टी. दोन्ही निशाणं कमरेला. भेटायला जायचं तर आधी छपराकडे बघायचं. हिरवं निशाण असेल तर या, लाल असेल तर परत फिरा. कोणी लग्नाचं बोलवायला गेलं, मतं मागायला गेलं, की ते आतूनच ओरडत, “लाइन क्लिअर नाई!” पुढे बोलणं खुंटलं.

जनावरांना त्यांनी हुद्दे दिले होते. तीन पायांवर लंगडणारा कुत्रा फौजदारसाहेब. बहिरं गाढव हेडमास्तर. आंधळी म्हैस मालगुजारीणबाई, कारण सरकारनं मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, नुकतीच काढून घेतली होती आणि ही म्हैसही, दौलतजी म्हणत, “देत काईच नाई, पन आली का सारे उठून उभे.” आम्हा पोरांना हे ऐकून हसू आवरत नसे. पण कोठीवरून परतताना कोणी फारसं हसत नसे. तिथं वास होता जखमांचा, फिनेलचा. आणि मागच्या कुंपणाशी मातीचे लहानमोठे उंचवटे होते.

गावात शाळा होती, पोस्ट होतं, दवाखाना होता. पण गाडीखाली पाय गेलेल्या कुत्र्याला न्यायला जागा नव्हती. बदली झालेल्या माणसाच्या गाईला नव्हती. मग लोक कोठीकडे येत. दौलतजी आधी तोंडभरून शिव्या देत आणि मग दोर हातात घेत. आमच्या शेजारच्या प्रमिलाच्या बापानं तिची बकरी, चंपी, खाटकाला द्यायची ठरवली होती. प्रमिलानं अन्न सोडलं, तेव्हा तो कंटाळून बकरी कोठीत सोडून आला. प्रमिला रोज जाऊन तिला पाला घालायची. पावसाळ्यात चंपी गेली. प्रमिलाची आत्या तिला समजावत होती, “देवानं बोलावलं व तिले, तिकडं लय हिरवा पाला हाय.” दौलतजींनी आत्याला गप्प केलं. ते प्रमिलासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, “चंपी मेली बेटा. पोट फुगून मेली. मी रात्रभर होतो तिच्याजवळ. तू आता रड. मी हाओ इथं.” प्रमिला इतकी रडली की तिला उचकी लागली, आणि ते तिथंच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. मला वाटतं, मेल्यावर काय करायचं असतं हे आमच्या मोहल्ल्यातली पोरं तिथं शिकली. घरी कोणी शिकवत नव्हतं.

पण आमच्या घराचा आणि दौलतजींचा खरा संबंध आला तो माझ्या धाकट्या बहिणीमुळे. कुसुम तेव्हा सहा वर्षांची होती. शिमगा होऊन गेला होता, ऊन तापायला लागलं होतं. नळाजवळ ती खडे झेलत बिट्ट्या खेळत बसली होती. एक भुरा, खरजेनं भरलेला कुत्रा कुठून तरी आला, आणि तिच्या पिंढरीला चावून पळाला.

“पिसायला! पिसायला!” कुत्रा पिसाळलाय म्हणून कोणीतरी ओरडलं. बघता बघता लाठ्या निघाल्या. कुत्रा रुळांच्या कुंपणात अडकला होता, आणि सगळ्यात पुढे माझे वडील होते, हातात धुण्याचं मोगरं घेऊन. ते कधी मुंगीही मारत नसत. तेवढ्यात कर्कश शिट्टी वाजली. रुळांकाठी राहणारी माणसं आम्ही. शिट्टी ऐकली की पाय आपोआप थांबतात. सगळे थांबले आणि गाडी कुठून येते ते बघू लागले. तेवढ्या वेळात दौलतजींनी अंगातला काळा कोट कुत्र्यावर टाकला, त्याचं बोचकं केलं आणि छातीशी धरलं. आतून गुरगुर चालली होती.

“सोडा त्याले दौलतजी!” वडील किंचाळले. “माह्या पोरीले चावला तो!”

“चावला ना? मंग याले मारून तिचा पाय बरा होते का बे? जा. पोरीचा पाय साबनानं धू. खूप पानी टाक. अन् डाक्टरकडे ने. उभा काऊन हाय? जा!”

वडील जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. दौलतजींनी पाठ फिरवली. ते बोचकं घेऊन रूळ ओलांडून गेले.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कुसुमची जखम धुतली, कार्बोलिकनं जाळली. ती रडून रडून निळी पडली. मग त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “कुत्रं कुठं आहे? मारलं तर नाही ना?” वडिलांनी मान खाली घालून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “नशीब तुमचं. जखम लहान आहे. दहाएक दिवस कुत्र्यावर नजर ठेवा. खाल्लं, पाणी प्यालं, नीट राहिलं, तर पोरीला काही नाही. पण त्यानं पाणी सोडलं, लाळ गाळली, की मला न विचारता तडक नागपूरची गाडी पकडा. पोटात इंजेक्शनं घ्यावी लागतील. कुत्रं मेलं असतं तर काही कळलंच नसतं आपल्याला.”

त्या दिवसापासून आमचं घर एका खरजुल्या कुत्र्याच्या जिवावर जगू लागलं.

वडील संध्याकाळी कोठीवर गेले. काय बोलायचं ते घरून ठरवून गेले होते, पण दौलतजींनी बोलूच दिलं नाही. “पाव्हने आत हायेत,” ते कुत्र्याला कोंडलेल्या बाजूच्या खोलीकडे बोट दाखवून म्हणाले. “कोनी जवळ यायचं नाई. रोज सकाळी छपराकडे पाह्यजो. जेवले, पानी पेले, तं हिरवं निशान. नाई तं लाल. जा आता.”

मग आमची सकाळ छपराकडे बघून सुरू व्हायला लागली. आई चूल पेटवायच्या आधी अंगणात यायची. हिरवं दिसलं की दोन्ही हात जोडायची. हळूहळू सगळा मोहल्लाच बघू लागला. गिरणीत जाणारे लोक जाता जाता वडिलांना ओरडून सांगत, “बाबूजी, हिरवं हाय!” ज्यांनी लाठ्या काढल्या होत्या त्यांच्याच बायका आता कुत्र्याला दीर्घायुष्य मागत होत्या. कोणी मारुतीला नारळ बोलली. आई तर, कुत्र्यानं अंगणात पाऊल टाकलं तरी सडा घालणारी, ती तूप लावून पोळी पाठवू लागली. कुसुमला मात्र कोणी काही सांगितलं नव्हतं. घरातले सगळे आपल्याशी इतक्या हळू आवाजात का बोलतात, हे तिला कळत नव्हतं. एकदा तिनं मला विचारलं, “ताई, मी मरून राह्यली का?” मी तिला मांडीवर घेऊन बसले. 

आणि एका सकाळी निशाण लाल होतं.

आई कुसुमला उठवायला आत धावली. वडिलांनी न बोलता ट्रंक ओढली आणि कुसुमचे दोन झगे त्यात टाकले. नागपूरची गाडी दुपारी होती. ते मला घेऊन आधी कोठीवर धावले. दौलतजी कुत्र्याच्या खोलीसमोर जमिनीवर बसले होते. दाढी वाढलेली, डोळे लाल. आत कोपऱ्यात कुत्रा पडला होता, जीभ बाहेर. समोर पाण्याचं घमेलं तसंच भरलेलं.

“काई खाल्लं नाई?” वडिलांनी विचारलं.

“नाई.”

“लाळ?”

“नाई अजून.”

तिघंही वाट बघत बसलो. ऊन चढलं. मग कुत्रा उठला, दोन पावलं चालला, आणि भडाभडा ओकला. वडिलांनी माझे डोळे झाकले. दौलतजी मात्र पुढे वाकून बघू लागले. पुरणपोळी निघाली. त्यामागून लाडवाचे तुकडे, तूपपोळी, भजी, आणखी पुरणपोळी. मोहल्ल्यातल्या प्रत्येक बाईनं आदल्या संध्याकाळी, दौलतजी विहिरीवर गेलेले बघून, खिडकीतून पाव्हण्यांसाठी काही ना काही आत टाकलं होतं.

दौलतजी उठले आणि रुळांकडे तोंड करून गरजले, “अबे, बारात आलती का इथं? माराल त्यायले चारून चारून!” त्यांचा आवाज चिरकत होता. मागे वळून पाहिलं तर कुत्रा घमेल्यात तोंड घालून लपालपा पाणी पीत होता. वडील तिथंच भिंतीला टेकून रडले. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलेली मुदत संपली. डॉक्टर स्वतः येऊन कुत्रा बघून गेले आणि ‘काळजी नाही’ म्हणाले. त्याच दिवशी दौलतजींचा निरोप आला, “पोरीले घेऊन येजो.”

आम्ही चौघं गेलो. वडिलांच्या हातात पेढे होते. दौलतजींनी पेढ्यांकडे पाहिलं नाही. त्यांनी कुसुमला बाजेवर बसवलं, माठातून गडवाभर पाणी काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

“पी बेटा.”

कुसुम उन्हातून आली होती. ती गटागटा प्यायली. दौलतजी समोर उकिडवे बसले होते आणि तिच्या गळ्याकडे बघत होते, प्रत्येक घोट खाली जाताना. तिनं गडवा खाली ठेवला तरी त्यांची नजर हलली नाही.

“अजून?”

“हो.”

त्यांनी पुन्हा भरून दिला. ती पुन्हा प्यायली, थोडं झग्यावर सांडलं, आणि हसली.

आई हळूच म्हणाली, “दौलतजी, तुमच्या घरी कोनी…?”

त्यांनी रिकामा गडवा उचलून घेतला. मग जमिनीकडे बघत म्हणाले, “वच्छी होती, माही पोर. येवढीच. मी तेवा दुसऱ्या ठेसनावर होतो. तिले असाच कुत्रा चावला, तं त्याले मीच मारला. एका झटक्यात. लोक म्हने, वा गार्डसाहेब! मले बी वाटलं, झालं, मिटलं. डाक्टरकडे गेलोच नाई मी.” त्यांनी गडव्याच्या काठावरून बोट फिरवलं. “मंग महिन्यानं तिले ताप आला. पानी मागे. तोंडाजवळ नेलं का थरथर कापे, ढकलून दे. अन् मंग पुन्हा मागे. माही बायको चमच्यानं पाजाले पाहे. एक थेंब नाई गेला. तशीच तहानलेली गेली.”

कुसुमला यातलं काही कळलं नाही. ती बाजेवर पाय हलवत बसली होती. वडील पेढ्यांचा पुडा हातात धरून उभे होते. तो कुठं ठेवावा, हे त्यांना समजत नव्हतं.

आमची आई परक्याच्या घरचं पाणी पीत नसे. लग्नाकार्यातसुद्धा ती घरून तांब्या भरून न्यायची. ती पुढे झाली, पदर डोक्यावर घेतला, आणि दौलतजींसमोर खाली बसून तिनं ओंजळ पुढे केली.

“मले बी द्या,” ती म्हणाली.

दौलतजी उठले, माठाजवळ गेले, गडवा भरून आले. धार वेडीवाकडी पडत होती. आई मान खाली घालून पीत राहिली. पाणी तिच्या कोपरांवरून ओघळून मातीत जिरत होतं, आणि गडवा पुरता रिकामा होईपर्यंत तिनं ओंजळ मागे घेतली नाही.