रुसव्यावर चालणारी गाडी

कोळसा संपल्यापासून देवखोलची आगगाडी रुसव्यांवर चालते. त्यात गैरसोय अशी काही नाही. जावयाचा रुसवा कागदासारखा भडकतो नि विझतो. विहिणीचा ओला असतो, धूर फार करतो. बायकोचा मात्र मुरलेला. तो मंद जळतो आणि त्याची निळसर वाफ दरीत बराच वेळ तरंगत राहते.

त्या दिवशी गाडी घाटमाथ्यावर धुक्यात थांबली. लग्नसराई सरली होती, डब्यात कुमुदिनीखेरीज कुणीही रुसलेलं नव्हतं. ती ट्रंक घेऊन कायमची माहेरी निघाली होती. तिचा नवरा रघुवीर याच इंजिनावर फायरमन. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला तिला माहेराहून आणायला स्वतः न जाता तो गडी पाठवून मोकळा झाला होता. तेव्हापासून ती त्याच्याशी अवाक्षर बोलली नव्हती. असा रुसवा साऱ्या घाटात दुसरा नव्हता.

ड्रायव्हर तावडे टोपी काढून डब्यात आले.

"वहिनी, तुमचा लागेल."

"तो दिला तर मी माहेरी कशासाठी चाललेय?"

"ते खरं. पण नाही दिलात तर पोचणार कशा?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. कुमुदिनीने पुष्कळ विचार केला आणि शेवटी पदराची गाठ सोडून रुसवा त्यांच्या हातावर ठेवला. तिला रडू आलं. इतकी वर्षं जिवापाड जपला होता तिने तो.

गाडी धुक्यातून अलगद खाली उतरली. माहेरचं स्टेशन आलं, तेव्हा गड्याची गोष्ट तिला आठवत होती, पण दुसऱ्या कुणाच्या तरी घरची वाटत होती. ती इंजिनापाशी गेली.

"अहो, जेवलात का?"

रघुवीरने तोंड फिरवलं. "नाही."

"परत कसे जाणार? भट्टी तर रिकामी झाली."

"माझा आहे."

"तुमचा? कधी दिसला नाही तो."

"दाखवणार कुणाला? त्याला समोरचं माणूस बोलतं लागतं."

कुमुदिनी ट्रंक घेऊन इंजिनावर चढली आणि ट्रंकेवरच बसली. रघुवीरने आपला रुसवा खिशातून काढून भट्टीत घातला.

गाडी घाट चढली, उतरली, देवखोलला येऊन थांबली. उतारू घरोघरी गेले, तावडेही गेले. रुसवा जळतच होता. तो संपेपर्यंत दोघं भट्टीसमोर बसून राहिली.