चकलांब्याची कळशी

"थेंब सांडला तर मिशी उतरवून ठेवीन," असं गहिनीनाथ आईला म्हणाला, आणि ती नुसती बढाई नव्हती. गेवराईकडच्या चकलांब्यात दूध सोसायटीचे कॅन सायकलला अडकवून खाचखळग्यांतून तो असा जायचा की आतलं दूध डुचमळत नसे. पण बहात्तरच्या दुष्काळात म्हशीच आटल्या, सोसायटीला कुलूप लागलं आणि गहिनीनाथची सायकल भिंतीला टेकून बसली.

तशात परळीहून निरोप आला. त्याची बहीण विमलबाई तिथं नांदत होती, नवरा वीज केंद्रात कामाला. तिला सातवा महिना लागला होता आणि टँकरचं पाणी ओठाला लावलं की उलटी होत होती. पोर वाळत चालली होती, आणि तोंडात एकच धोशा, माहेरच्या विहिरीचं पाणी पाहिजे. गरवार बहिणीचे डोहाळे भावानं नाही पुरवायचे तर कुणी?

छबुबाईनं, त्यांच्या आईनं, विहिरीच्या तळाला उतरून वाटीवाटीनं पितळी कळशी भरली आणि तोंडाला ओलं फडकं बांधलं.

"यष्टीनं जा की," शेजारी म्हणाले.

"यष्टी आदळती. सायकल माज्या हातात हाय."

"गहिनी," आई म्हणाली, "लेकीचं पाणी हाय, भुईवर टेकवू नको. अन् वाटंत कुनाला पोटुशी-बिटुशी सांगत बसू नको. दिष्ट लागती."

पहिला दिवस काय सुखाचा गेला म्हणता! पाठीमागून वारा, हँडलला टांगलेली कळशी, चेनचा एकसुरी आवाज, उतारावर पायडल सोडून दिलं की शर्ट फुगायचा आणि तीस वर्षांचा बाप्या शाळेतून सुटल्यासारखा हसायचा. लिंबाखाली बसून ठेचा-भाकरी खाल्ली, तीही कळशी मांडीवर घेऊन. मुक्कामाला आत्याच्या घरी ती आढ्याला टांगली. दुसऱ्या दिवशी माजलगाव मागं पडलं आणि चपलेचा अंगठा तुटला. गडी अनवाणीच निघाला.

पुढं दुष्काळी कामावर खडी फोडायचं चाललं होतं. मुकादम आसारामनं त्याला सावलीला बोलावलं.

"पाव्हणं, खाली ठेवा ती कळशी."

"टेकवायची न्हाई."

"मंग घोटभर प्या तरी. घसा वाळलाय तुमचा."

"ह्यातलं मला चालत न्हाई."

आसारामनं त्याच्या पायांकडं बघितलं. "कुटं निघालाव?"

"परळीला."

गोदावरीचं पाणी घेऊन परळीच्या वैजनाथाला घालायला जाणारे लोक त्या रस्त्याला नवे नव्हते. आसारामनं आवाज खाली आणला. "पाऊस मागायला?"

आता खरं सांगायचं तर परक्या बाप्यांसमोर बहिणीच्या पोटाची गोष्ट काढावी लागली असती. गहिनीनाथनं लाजून मान खाली घातली. एवढं पुरलं. खडी फोडणारी माणसं उठून कळशीच्या पाया पडली.

तेवढ्यात रेशनचा ट्रक गेला आणि गहिनीनाथच्या आधी त्याची कीर्ती पुढच्या गावी पोचली. मग प्रत्येक वेशीला माणसं उभी. फुलं कुठली असणार? सुताच्या माळा घातल्या. घरात मूठभर ज्वारी असलेल्या बायांनी त्यातली भाकरी थापून आणली. सिरसाळ्याला सटवाबुवा नावाचे म्हातारे, गहिनीनाथचा दुपारी डोळा लागला तेव्हा कळशी मांडीवर घेऊन बसले. ओठ तहानेनं फुटले होते, पण त्यांनी फडक्याला बोट लावलं नाही. गहिनीनाथला रडू आलं. लोकांना वाटलं, महाराज देवाच्या आठवणीनं रडतायत.

सायकल पोरांच्या हाती देऊन, कळशी खांद्यावर घेऊन तो पायी परळीत शिरला तेव्हा मागं दोन-तीनशे माणसं होती आणि पुढं हलगी. अडत दुकानदार मन्मथप्पा, कपाळभर भस्म लावलेले, गर्दीला वाट करत त्याला देवळाच्या पायऱ्यांशी घेऊन आले आणि त्यांनी कळशीला हात घातला. गहिनीनाथनं ती पोटाशी धरली.

"द्या महाराज. अभिषेकाची तयारी हाय."

"देत न्हाई."

"कावून?"

"माजी भन पोटुशी हाय," तो एका दमात म्हणाला. "तिला आमच्या हिरीचं पानी पायजे. दुसरं पोटात टिकंना. मी कुनाला महाराज हाय म्हनलो न्हाई, मालक. लई चुकलं. पर हे पानी देवाला बी देनार न्हाई."

हलगी थांबली. मागून कुणीतरी म्हणालं, "आमची भाकरी खाल्ली की बे ह्यानं." चार हात पुढं आले. मन्मथप्पांनी हात वर केला, थोडा वेळ कळशीकडं बघितलं, मग गहिनीनाथच्या फुटलेल्या टाचांकडं.

"घर कुटं हाय पोरीचं?"

"मागच्या गल्लीत."

"वाजवा रे," मन्मथप्पा म्हणाले. "देवाला आपलं पानी चालतंय. पोरीला चालत न्हाई."

सगळी मिरवणूक गल्लीत वळली. विमलबाई भिंत धरून दारात आली. दादाचा सुताच्या माळांनी भरलेला गळा बघून तिला आधी हसू फुटलं. फुलपात्र भरून तिनं पाणी घेतलं, थांबून थांबून प्याली. गल्ली टाचा उंचावून बघत राहिली. उलटी झाली नाही. तिनं दुसरं फुलपात्र भरलं आणि डोळे मिटून म्हणाली, "आयनं तळाचं काढलंय. गाळाचा वास येतोय." असा आनंद गहिनीनाथनं आयुष्यात बघितला नव्हता. पायांची आग विसरून तो उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "आता म्हैनाभर सायकलकडं बगनार न्हाई."

पण बाया काही हलेनात. एक पुढं आली. "दादा, माजं माहेर गेवराईच हाय. परत येताना तांब्याभर आनताव?" दुसरी म्हणाली, तिचं तर वाटेवरच आहे. तिसरीनं घरून तांब्याच आणला. बघता बघता सायकलच्या कॅरिअरला, हँडलला, दांडीला भांडी लटकली. गहिनीनाथनं आशेनं मन्मथप्पांकडं बघितलं. ते आपल्या बायकोकडं बघत होते. सत्तरी गाठलेल्या शिवकांताबाई पदर सावरत पुढं आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मला गडबड न्हाई बाबा. लगीन झाल्यापून म्हायेरी गेले न्हाई मी. चकलांब्याहून पुढं फकस्त दीसभराची वाट हाय म्हनं... कडा."