नानांचं केशरी टोपडं

आमचे शेजारी सुभेदार नाना हेल्मेट घालून आंघोळ करतात. खोटं नाही सांगत. आणि त्यात दोष माझाच.

फौजेतून पेन्शनीत आल्यापासून नाना कोरेगावच्या बाजारात सायकलनं जातात, डोक्यावर भडक केशरी हेल्मेट. वेग म्हणाल तर शेळीसुद्धा पुढं निघून जाते. माझ्या लेकानं त्यांना छानसं काळं हेल्मेट आणून दिलं, तर ते परत केलं. "केशरीच बरं."

एकदा मी म्हटलंच, "नाना, इथं पोरं बोडक्यानं मोटारसायकली उडवत्यात, खांद्यात मोबाईल दाबून. बाया तान्हं पोर घेऊन मागं एका अंगावर बसत्यात, पदर चाकाशी. उसाच्या ट्रॉलीवर माणसं झोपत्यात! आन् तुमी सायकलवर हे टोपडं?"

"वहिनी, डोकं एकदाच इश्यू होतं. दुसरं स्टोअरात न्हाई."

"मग मोरीत घाला की! माझी नणंद रस्त्यात कवा पडली न्हाई, मोरीत पडली."

नानांनी हेल्मेट काढून हातात फिरवून बघितलं. मग म्हणाले, "पॉइंट हाय."

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या मोरीतून पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज! डोकं धुवायचा वार रविवार. त्या दिवशी हेल्मेट नाही, म्हणून आंघोळ पाटावर बसून. पुढं शेवग्याच्या शेंगा काढताना हेल्मेट, माळ्यावरचा डबा काढताना हेल्मेट.

अख्खी गल्ली हसते. हसत नाही ती एकटी त्यांची बायको मालन. साखरेनं तिचे डोळे अधू झालेत. नाना बाहेर पडले की दारातल्या कट्ट्यावर बसते ती बसतेच. नाना सरहद्दीवर होते तेव्हा वर्षानुवर्षं अशीच पोस्टमनची वाट बघायची. "हे दिसले की चहा टाकते," म्हणते.

यंदा खंडेनवमीला नानांनी कोयत्या-विळ्यांच्या शेजारी हेल्मेट मांडलं. हळदकुंकू, झेंडू, सगळं साग्रसंगीत. "माझं शस्त्र हेच!" पण पूजेतलं शस्त्र दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही ना! आणि नारळ तर आणायचा राहिलेला. सायकलीची पूजा दुसऱ्या दिवशी होती, म्हणून ती मोकळी. नाना पांढरी टोपी घालून निघाले.

"नाना, आली व्हय अक्कल?" कोपऱ्यावरचा पानवाला ओरडला.

मी पायरीवर मेथी निवडत होते. नाना परत आले, मालनसमोर सायकल घेऊन उभे राहिले. ती त्यांच्या खांद्यावरून लांब लिंबाच्या झाडाकडं बघत होती.

"कोण हाय? आवं, वाटंत आमचे हे दिसले का? लय उशीर झाला बगा."

मला हसू फुटणार होतं. नानांचं तोंड बघितलं आणि आतल्या आत जिरलं.

नाना पाय न वाजवता मागं सरले. सायकल वळवून मागच्या दारानं घरात गेले. देवघराची खिडकी माझ्या पायरीकडं, तिथून पुटपुटणं ऐकू आलं, "आई यमाई, माफी असावी." हेल्मेट घालून, तसेच मागनं, लिंबाखाली गेले. आणि तिथून घंटी वाजवत निघाले.

मालन ताडकन उठली, पदर सारखा केला.

"आले बाई!" मला म्हणाली. "आता टाकते चहा."

नाना कट्ट्याशी उतरले. कपाळभर कुंकू सांडलेलं, कानावर झेंडूची पाकळी.

"बाजारात गर्दी लय हुती गं," ते म्हणाले.

मी मेथीतून मान वर काढलीच नाही.