डॉर्कसबाईंची लाल पेन्सिल

"यंदाचा कप माझाच! मॉडने आत्तापासूनच रुमाल काढून ठेवावा!" डॉर्कसबाईंनी सकाळीच जाहीर करून टाकलं. अकरा वर्षं गावच्या जत्रेत गूजबेरी जॅमचा चांदीचा कप शेजारच्या मॉडकडे जात होता. पण यंदा बाईंनी असा जॅम केला होता, की वासानेच चर्चच्या मनोऱ्यावरचा पत्र्याचा कोंबडा आरवला म्हणतात!

पण बाई हाडाच्या मास्तरीण. शाळा सुटून वीस वर्षं झाली, लाल पेन्सिल काही सुटली नाही. निकालाआधी हळूच स्पर्धेच्या तंबूत शिरल्या, तर बरण्यांच्या गळ्यातल्या नावाच्या चिठ्ठ्यांवर नुसता कहर!

मॉडने लिहिलं होतं, 'लिटरली स्वर्गातून उतरलेला जॅम.'

"लिटरली म्हणजे शब्दशः खरं!" बाई पुटपुटल्या. "स्वर्गातून आला? कुठल्या बसने?"

खाटकाच्या चिठ्ठीवर 'व्हेरी युनिक'.

"युनिक म्हणजे जगात एकच! एकुलता एक मुलगा कधी 'फार एकुलता' असतो का?"

भराभर चिठ्ठ्या सोडल्या, लाल रेघा ओढल्या. स्वतःचीही सोडली. तिला शाबासकीची खूण नको? तेवढ्यात बाहेर पाद्रीबाबांचा खोकला! तेच परीक्षक. आणि दुसऱ्याच्या बरणीला हात लावला तर स्पर्धेतून जन्माची बंदी! हाताला येईल ती चिठ्ठी दिसेल त्या बरणीला बांधून बाईंनी मागच्या बाजूने धूम ठोकली.

"पहिला नंबर, मॉड!" पाद्रीबाबा ओठ चाटत म्हणाले. "डॉर्कसबाई, तुमची चिठ्ठी अगदी निर्दोष हो. पण जॅमला सॉसेजचा वास येतोय!"

बाईंचा चेहरा कच्च्या गूजबेरीसारखा हिरवा पडला. बोलावं तर बंदी, गप्प बसावं तर कप गेला!

"डॉर्कस, मी लिटरली हवेत तरंगतेय!" मॉड ओरडली. अख्खा तंबू बाईंच्या तोंडाकडे बघायला लागला. बाई गप्प!

तिथेच मॉडला शंका आली. तिने विजयी बरणीत बोट बुडवून चाटलं आणि बाईंना कोपऱ्यात ओढलं.

"अगं ए, हा माझा नाही. माझ्या जॅमला आल्याचा ठसका असतो. आणि माझ्याहून चांगला झालाय मेला! चिठ्ठीवर ही लाल रेघ कुणाची, सांगू पाद्रीबाबांना?"

"नको गं बाई!"

"मग कप सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे. पण यापुढे माझ्या बोलण्यात चुका काढायच्या नाहीत. कबूल?"

बाईंनी तिचा हात घट्ट धरला. "कबूल, कबूल! अगं, लिटरली मेले होते मी!"

मेल्या कसल्या! चहाबरोबर केकचे तीन तुकडे हाणले, आणि पहिले सहा महिने आपले म्हणून कप काखेत मारून घरी गेल्या.