मुचकुंदाचे कोरडे पाय

आमच्या सोसायटीतले नाना रोज सकाळी एका झाडाच्या मुळाशी मातीत बोट खुपसतात आणि डॉक्टरसारखा चेहरा करतात. झाड मुचकुंदाचं. पान एवढं मोठं की त्यावर आख्खी भाकरी मावावी. इथे पर्वत पाटियाच्या कापड कारखान्यांत सारा जन्म लूमवर काढलेला हा खानदेशी माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतो, “डोकं उनमा, पाय कोरडा! दुसरं काही मांगत नई तो.”

झाड लावलं सुमनकाकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोने. फुलांची त्यांना फार घाई होती. पण एकही फूल यायच्या आत काकू गेल्या.

झाडाखाली लोक गुटखा थुंकायचे. नाना ओरडून थकले आणि शेवटी एका दगडाला शेंदूर फासून त्यांनी तो बुंध्याशी ठेवला. थुंकणं बंद झालं, पण पाणी सुरू झालं! हंसाबेनपासून सगळ्या बायका तांब्या घेऊन हजर. आमची हीसुद्धा. बुंध्याशी चिखल साचला आणि पानं पिवळी पडून गळू लागली.

“पाणी नका घालू,” नाना काकुळतीने म्हणाले.

“भगवानला तहान नाय लागे, नाना?” हंसाबेननी विचारलं.

मला आधी हसू यायचं. पण नानांचं जेवणावरून मन उडालं, तेव्हा हसू थांबलं. काकूंचं तेवढंच तर उरलं होतं त्यांच्याकडे.

एका रविवारी त्यांनी सगळ्यांना जमवून चक्क स्वतःचे कान पकडले. “देव मीच बसाडा, मीच उठाडस!” मग नारळ फोडून, आरती करून देव फाटकाजवळच्या ओट्यावर गेला. हंसाबेन थोड्या रुसल्या आणि तांब्या घेऊन ओट्याकडे वळल्या. नानांनी चिखल उपसला, मातीत वाळू मिसळली, पाणी वाहून जायला चर खणला. नवी पालवी दिसली तेव्हा माझाही जीव भांड्यात पडला.

उन्हाळ्याच्या तोंडावर पहिलं फूल उमलून खाली पडलं. मला वाटलं, नाना ते काकूंच्या फोटोला वाहतील. दुसऱ्या दिवशी ते कामावरचा जुना शर्ट घालून माझ्या दारात उभे.

“लूमच्या तेलाचा वास जात नाही म्हणून जन्मभर भांडली माझ्याशी,” ते म्हणाले. “मुचकुंदाचं फूल कपड्यांत ठेवलं की जातो म्हणायची. त्यासाठीच लावलं होतं तिने.” त्यांनी बाही माझ्या नाकापाशी धरली. “भाऊ, तेलना वास येस का आते?”

“नाही नाना. फुलाचाच येतो.”

“चला, तिनी कटकट मिटनी एकदाची,” नाना म्हणाले, आणि बाही स्वतःच्या नाकाला लावून तिथेच उभे राहिले.