शुभ्रसेनेतून निघालेल्या कोल्बीची हकीकत

वाग्देवीस वंदन करोन, शके एकोणीसशे सात, क्रोधन नाम संवत्सरी, समुद्रापलीकडील एका राज्यात जे वर्तले ते ऐसे. एल्मरपंत म्हणोन बंदिशाळेच्या ग्रंथालयाचे वृद्ध कारभारी, स्वभावे भिडस्त, यांचे घरी टेबलावर कोल्बी नामे कैद्याचे पत्र येऊन पडले होते आणि उत्तर गेले नव्हते. कोल्बी गोरा, कोवळ्या वयात बंदीत पडला, येताच मार खाल्ला, मग जीव वाचावा म्हणोन गोऱ्यांच्या शुभ्रसेना नामक टोळीस मिळाला, आणि टोळीने त्याचे मानेवर वज्र गोंदविले. टोळीचा नेम ऐसा की काळ्याचे हातचे खाऊ नये. पुढे कोल्बी तापाने फणफणला, सेनेचे कोणी फिरकले नाही, आणि ग्रंथालयात पुस्तके बांधणारा आयझाया नामे काळा कैदी, त्याने आपले वाडग्यातील सूप पाजिले. सेनेस कळले, मग हुकूम जाहला, "त्याला भोसक, म्हणजे तुझा विटाळ गेला." कोल्बी बोलिला, "पाजलं त्यानं, प्यालो मी. मला भोसका." आणि त्यांनी भोसकले. दैवे वाचला, मग दुसरे बंदिशाळेत रवाना जाहला, आणि तेथून लिहिले की, "पंत, सुटका मंजूर आहे, पण राहण्याचा पत्ता द्यावा लागतो. मान पाहून कोणी देत नाही. सेना मात्र देते आहे. महिनाअखेर सांगणे आहे."

पंतांनी मसुदे केले आणि फाडिले. महिना सरत आला, तो आयझाया, जो सुटोन पुस्तकबांधणीचे दुकान चालवी, पुस्तके घेऊन पंतांचे घरी आला आणि पत्र पाहोन पुसता जाहला, "उत्तर?"

"मजकूर जुळत नाही. शेजारी काय म्हणतील, सेना दारात येईल, आणि त्याला सुधारणारा मी कोण?"

"सुधारायला कोण सांगतंय पंत? त्याला खोली हवी. मागची पुस्तकांनी भरलीय, ती रिकामी करू."

"तुला त्याचा राग येत नाही?"

"येतो की. ती मान आठवली की अजून येतो. पण माझं सूप फुकट जाऊ देणार नाही."

मग दोघांनी दुपारभर पुस्तके ओसरीवर काढिली, आणि पंतांनी कागदावर आपला पत्ता लिहिला, खाली लिहिले, "खोली रिकामी आहे", आणि स्वतः चौकापर्यंत चालत गेले. एकंदर हकीकत इतकीच, की पंतांचे भय गेले नाही, आणि पत्र पेटीत पडले.